ढोलीची फट

"हलू नका कुणी," गाईड पुटपुटला. उंच झाडाच्या ढोलीत धनेशाच्या मादीने अंडी उबवायला आतून तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेतलं होतं. उघडी होती फक्त एक फट. नर आला आणि त्या फटीतून तिला एकेक उंबर भरवू लागला.

"नवरा असावा तर असा!" गटातली एक बाई कुजबुजली. सगळे हसले. मागे कॅमेरा घेऊन उभा असलेला एकजणही हसला आणि लेन्स पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर किल्ली बाहेर आली.

परक्या कुलपावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून प्रवासात तो घरचंच कुलूप न्यायचा. माकडं शिरतात म्हणून पहाटे होमस्टेच्या खोलीला त्याने तेच घातलं होतं. आत बायको झोपली होती, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

धापा टाकत तो परतला, तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. मालकीणबाई खिडकीच्या गजांतून आत घावन सरकवत होत्या. "घे गो बाय, आनी एक." त्याला बघून त्या बाजूला झाल्या.

दार उघडलं तरी त्याची मान वर होईना. बायकोने तोंडातला घास सावकाश गिळला.

"दिसला का हो तुमचा पक्षी?"