टपालाने आलेले मोती

"टपालानं मागवलीय," असं म्हणत जयमालाने पदराखालून मोत्यांची चिंचपेटी काढली आणि सत्तारचाचांच्या गादीवर ठेवली. "मोती खरे आहेत का, तेवढं बघा."

नगरच्या बाजारात मोती ओवण्यात चाचांची हयात गेली होती. त्यांनी चष्मा पुसला.

"कितीला पडली, ताई?"

"मालकांनी मागवली. पेपरात जाहिरात होती म्हणाले."

केडगावहून ती रिक्षाने एकटीच आली होती. जाहिरात तिने पाहिली नव्हती, पार्सल घेऊन आलेला पोस्टमनही नाही. पाहिली होती ती बातमी. कोपरगावकडच्या एका खेड्यात आक्काबाई नावाच्या म्हातारीचा गळा दाबून कुणीतरी तिची चिंचपेटी नेली होती. त्या गावातली प्रत्येक नवरी आक्काबाईची चिंचपेटी घालूनच बोहल्यावर चढायची. बसऱ्याचे अस्सल मोती, लाखाचा माल, असं गाव कौतुकाने सांगायचं.

आणि जयमालाचा नवरा रंगनाथ त्याच गावाला टेम्पोतून लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेला होता. बातमी आली त्याच आठवड्यात ही चिंचपेटी घरात आली. "इतक्यात घालून मिरवू नको, दृष्ट लागंल," असं तो म्हणाला होता. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. पण नवऱ्याला असलं काही विचारायचं तरी कसं? मोती खरे निघाले, तर आपण खुन्याच्या घरात नांदतोय, एवढंच तिला कळत होतं.

चाचांनी एक मोती दातावर हलकेच घासला. मग दुसरा. मग भोकापाशी नख लावलं. पांढरा पापुद्रा सुटून आला.

"खरा मोती दाताला खरखरीत लागतो. हा बघा, गुळगुळीत. काचेवर रंग चढवलाय."

"सगळेच?" तिने विचारलं.

"सगळेच. टपालाचा माल असाच असतो, ताई. फोटो राणीच्या गळ्यातला छापतात आणि पाठवतात हे. पन्नास रुपयांच्या वर याची किंमत नाही."

जयमाला ढसाढसा रडायला लागली. चाचा घाबरले. "अहो, एवढं काय त्यात? लई लोक फसतात."

"तुमचे लई उपकार झाले," ती म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली.

परतताना तिने पावशेर पेढे घेतले. देवमाणसावर आपण संशय घेतला म्हणून वाटेत स्वतःच्या तोंडात मारून घेतली. घरी रंगनाथ ओट्यावर बसून चहा पीत होता. आज बऱ्याच दिवसांनी ती त्याच्याजवळ टेकली.

"अहो, चिडू नका. तुमची चिंचपेटी मी बाजारात दाखवून आले. चांगलं फसवलंय की तुम्हाला! एक मोती खरा न्हाई. निव्वळ काच!"

रंगनाथने बशी खाली ठेवली.

"काच?" तो पुटपुटला. "म्हातारी शेवटपर्यंत तेच सांगत हुती. मला वाटलं, लबाड बोलतीया."