घुमीचं लॉकेट

चैत्राच्या हळदीकुंकवाला बायका मुकाट्याने आंबेडाळ खात होत्या आणि त्यांच्या गळ्यातली लॉकेटं त्यांच्याच आवाजात खिदळत होती. घुम्या बायकांमुळे समारंभाला सुतकी कळा येते, म्हणून अध्यक्ष शकूताईंनीच ही आपोआप बोलणारी लॉकेटं सोसायटीत सक्तीची केली होती. वृंदाला या पोकळ किलबिलाटाची किळस यायची.

"उद्या माझं ऑपरेशन आहे गं. भीती वाटते," शकूताई तिच्या शेजारी टेकत म्हणाल्या.

"अय्या, छानच की!" वृंदाचं लॉकेट चिवचिवलं.

वृंदाने ते ओरबाडून काढलं, शकूताईंचा हात हातात घेतला आणि नुसती बसून राहिली.

शकूताईंनी हात सोडवून घेतला. "लाव बाई ते परत! तू अशी गप्प बसलीस की जास्तच भीती वाटते."

कपाळाला आठी घालून वृंदाने लॉकेट पुन्हा अडकवलं.

"अय्या, साडी नवीन वाटतं?" ते म्हणालं, आणि शकूताईंचा चेहरा खुलला.