बिजलीची नाडी

ट्रकमध्ये तीन घोड्या होत्या, सहा पोती भुसा, दोन बादल्या आणि एक नत्थू. मंजिरीने वहीत तेवढंच लिहिलं आणि घड्याळ काढलं.

ट्रक अभनपूरची वरात करून रायपूरला, मालक हिरालालच्या अंगणात परतला होता. दोन घोड्यांची नाडी मिनिटाला चाळीसच्या आत भरली. तिसरीची, बिजलीची, अडुसष्ट.

"पुन्हा तेच?" हिरालाल पोत्यावर बसला. "डॉक्टर दीदी, तुमची घडी तर ठीक आहे ना?"

राज्य नवं झाल्यापासून वराती दूरदूर जाऊ लागल्या होत्या आणि घोड्या ट्रकमधून. महिनाभर मंजिरी दर फेरीला एकच गोष्ट बदलत होती. आधी आखूड बांधलेले दोर सैल केले, म्हणजे मान खाली घालून नाकातली धूळ झटकता येईल. मग भुसा जाड अंथरला. मग प्रत्येक थांब्यावर पाणी. बाकी दोघी सुधारल्या. बिजली नाही.

"प्रवासच सोसत नाही तिले," नत्थू म्हणाला. बारा वर्षं तो तिला सांभाळत होता. नाडी मोजताना दर वेळी तोच म्होरकी धरायचा. "दुसऱ्याच्या हातात नुसती नाचते, ताई. माझ्यापाशी पाहा, कानबी हालवत नाही."

खरंच हलवत नव्हती.

"मले देऊन टाका ना, मालक. अभनपुरले घरी ठेवतो. मरेस्तोवर."

"अन् विमला? बायको काय म्हणेल तुझी?"

"ते तर म्हणते, घोडीसंगंच लगीन लावाचं होतं."

हिरालाल हसला, पण पोत्यावरून उठला नाही. "दीदीनं लिहून दिलं तर ने बाबा. आता मीबी थकलो."

मंजिरीची पाठ भरून आली होती. तिने उभ्यानेच लिहिलं : प्रवासास अयोग्य. घोडी कायमची नत्थूकडे सोपवावी. फक्त सही राहिली.

एक आकडा मात्र तिच्याकडे नव्हता. आजवरच्या सगळ्या नोंदी इंजिन बंद असतानाच्या होत्या. प्रवासाचाच त्रास असेल, तर इंजिन चालू झाल्यावर नाडी आणखी चढायला हवी.

नत्थू बादल्या घेऊन नळावर गेला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. ट्रकची फळी थरथरू लागली. हिरालालने कुरकुरत म्होरकी धरली. बिजलीने पाय बदलला, मान खाली घातली, त्याच्या खिशाला हुंगून पाहिलं.

मंजिरीने जबड्याखाली बोट ठेवलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. मग खात्रीसाठी पुन्हा मोजलं.

छत्तीस. दोन्ही वेळा.

"झाली का सही, ताई?" नत्थू फळीवरून वर आला. बादल्या ठेवून त्याने हिरालालच्या हातातून म्होरकी घेतली.

मंजिरीचं बोट अजून नाडीवरच होतं.

बहात्तर.