आईच्या सॅकमधलं ओझं

"आई, दाखव बरं, एवढं काय भरलंयस?"

ट्रेकच्या तिसऱ्या मुक्कामाला, लाकडी झोपडीच्या पायरीवर टेकताच ऋजुतानं आईची सॅक ओढली. न्यूझीलंडच्या ज्वालामुखींमधून चालताना आई रोज मागे पडत होती, पण ओझं काही देईना.

कपड्यांतून निघाला काळा दगड! बाबांनी राजगडावरून आणलेला, घरी बरणीत खारातल्या कैऱ्यांवर वजन म्हणून ठेवायचा.

"बाबाच म्हणतात ना, आपला सह्याद्री लाव्ह्याचा म्हणून?" आईनं तो पलीकडच्या वाफाळत्या जमिनीवर अलगद ठेवला. "जन्मभर बरणीत राबलाय बिचारा. म्हटलं, चार दिवस माहेरी आणावं."

ऋजुताला हसू आलं. "मग राहू दे की इथेच."

आईनं दगड उचलला, बाहीनं पुसला.

"असं कसं? घरी कैऱ्या यायला झाल्या."