मोठा पंखा

रंभाबाईनं लसणाची पाकळी खाली ठेवली आणि मान वर करून पलंगाकडे पाहिलं. छाती हलली का? हलली. मग तिनं दुसरी पाकळी उचलली.

दुपारचे दोन वाजले होते. खिडकीतला कूलर घरघरत होता. त्याचा अठरा इंची पंखा सुरू झाला की मांडणीवरची भांडी थरथरायची, शेजारच्या इंदूबाईनं दारात उभं राहून हाक मारली तरी आत पत्ता लागायचा नाही. पण बाहेर मे महिन्याचा नागपूरचा उन्हाळा असा पेटलेला असताना खोली मात्र गार राहायची. पलंगावर तिचा नवरा देवाजी झोपला होता. होळीच्या आदल्या दिवशी त्याला हार्ट अटॅक येऊन गेला होता. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पेशंटला उकाड्यात ठेवायचं नाही. आणि छातीत दुखू लागलं की ही गोळी जिभेखाली, ताबडतोब.

त्या 'ताबडतोब'नं रंभाबाईची झोप उडवली होती. या घरघरीत त्यानं हाक मारली तर ऐकू कशी येणार? म्हणून ती पलंगाकडे तोंड करून बसायची आणि दर दोन मिनिटांनी बघायची. एकदा छाती हलताना दिसली नाही. तिनं धावत जाऊन त्याच्या नाकाशी बोट धरलं, तर देवाजीनं एक डोळा उघडला.

"जित्ता हावो अजून. झोपू दे वं."

त्याला थट्टा सुचत होती. ती मात्र पुन्हा पलंगाकडे तोंड करून बसली.

देवाजीनं एकतीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये मागावर काढली होती. शेकडो माग एकदम खडखडायचे, तिथं ओरडून कोण कुणाला काय सांगणार? कामगार हातांनी आणि ओठांनीच बोलायचे. रविवारी त्याचा मिलमधला जोडीदार चंपतराव भेटायला आला, तेव्हा कूलरसमोर बसून दोघांनी अर्धा तास अशाच गप्पा हाणल्या. ओठ हलत होते, हात नाचत होते, तोंडातून आवाज मात्र नाही. रंभाबाईला हसू आलं. त्या आठवड्यात ती हसली ती तेवढीच.

सोमवारी तिनं कूलरवाल्या ताराचंदला बोलावलं.

"मावशी, याच्यासारखी हवा दुसरा पंखा नाही फेकत," ताराचंद म्हणाला. "बारा इंची लावला त आवाज बंद होईन, पण खोली एवढी गार नाही होणार. सोचून घ्या."

"गारव्याचं मी पाहतो, बापू. मले हाक आयकू आली पायजे."

तिनं तसा हिशेब केलाच होता. दर अर्ध्या तासानं बाहेर जाऊन कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर बादलीभर पाणी मारलं की लहान पंखाही पुरेसा गारवा देईल. ताराचंदनं पंखा बदलला. देवाजीनं फिरती पाती पाहिली आणि भिंतीकडे कूस केली.

खोली एकदम शांत झाली. रंभाबाईला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, बाहेर कडुलिंबावर कावळा पंख झटकत होता तेही कळलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले. आता कान पहाऱ्यावर होते, डोळ्यांना सुट्टी मिळाली. साठलेलं शिवण काढून ती दाराच्या फटीतल्या उजेडाकडे तोंड करून बसली.

तिसऱ्या दुपारी ती अशीच पाठमोरी बसली होती. पोलक्याला हूक लावले, उशीचा अभ्रा शिवला. मागून साधी कण्हण्याची चाहूलही नव्हती. गाढ झोप लागलेली दिसते, तिला वाटलं. घड्याळात अर्धा तास झालेला पाहून ती पाण्याची बादली घ्यायला उठली आणि वळली.

देवाजी जागा होता. चेहरा घामानं निथळत होता. डावा हात छातीवर आवळलेला होता, उजवा हवेत उचललेला होता आणि त्याची बोटं तिच्या दिशेनं हलत होती. ओठही हलत होते. आवाज नव्हता.

रंभाबाईनं धावत जाऊन गोळ्यांची डबी उघडली. पहिली गोळी काढतानाच जमिनीवर घरंगळली. दुसरी तिनं कशीबशी त्याच्या जिभेखाली ठेवली आणि त्याचा हात घट्ट धरून बसली. तो थंड हात हळूहळू कोमट झाला. तिच्या ओरडण्यानं धावून आलेला इंदूबाईचा नवरा डॉक्टरांना आणायला सायकलवर सुटला होता.

"कवाची हाका मारून राहिलो तुले," देवाजी शेवटी म्हणाला. "तू पाहूनच नाही राहिली."

"हाका? मले एक बी नाही आयकू आली."

देवाजीनं कूलरकडे बोट दाखवलं. जाळीआड पाती फिरत होती.

"एवढ्या घरघरीत कोनी आवाज वाया घालवते का वं? हातानंच बलावून राहिलो."

रंभाबाई पंख्याकडे बघत राहिली. घड्याळ टिकटिकत होतं. मिलनं देवाजीला पेन्शनीत काढलं, पण त्याच्या कानातले माग कधी थांबलेच नव्हते.

डॉक्टर येऊन गेले. थोडक्यात निभावलं म्हणाले. संध्याकाळी ताराचंद आला आणि कूलरला कान लावून उभा राहिला.

"मावशी, याचा त काहीच आवाज नाही. मंग काहून काढता?"

"मोठाच लाव बापू," रंभाबाई म्हणाली. "तो घरघरते, तवा मी याइच्यावरची नजर नाही काढत."