अकरा मीटर चाळीस

"तुम्ही या फलकावर खोटं लिहून ठेवलंय," सुचेता म्हणाली. जपानीत, आणि थेट गावच्या कचेरीतल्या साहेबांच्या तोंडावर.

सगळे टेकडीच्या माथ्यावर उभे होते. भूकंपाला दीड वर्ष झालं होतं. त्सुनामीनं गावची बालवाडी नेली होती, आणि नवी याच टेकडीच्या पायथ्याशी बांधायचं ठरलं होतं. भोंगा वाजला की मुलांनी वर पळायचं. पुढची लाट अकरा मीटरपर्यंत चढेल असा नवा अंदाज होता. फलक सांगत होता, टेकडीची समुद्रसपाटीपासून उंची अकरा मीटर चाळीस. म्हणजे मुलं चाळीस सेंटिमीटरनं कोरडी. मंजुरीच्या कागदावर सही तेवढी राहिली होती.

"तीनदा मोजलंय, सुचेता-सान," साहेब शांतपणे म्हणाले. "पायथ्याच्या खुणेच्या दगडापासून, दुर्बीण आणि पट्टी लावून. भूकंपाआधी अकरा चाळीस, आजही अकरा चाळीस. मिलिमीटरचा फरक नाही. आमची टेकडी हललेली नाही."

"फरक येईल कसा? तुमचा दगडही बुडालाय! दगड, टेकडी, रस्ता, सगळी जमीन एकदमच एक मीटर दहा खाली बसली. दगडाची उंची तुम्ही जुन्या वहीतून उचललीत आणि तिच्यावर टेकडी चढवलीत. मी उपग्रहांवरून मोजलंय, आजच्या समुद्रापासून. दहा तीस."

शेजारी जगदीशसर उभे होते, विद्यापीठातले तिचे वरिष्ठ. ते खाकरले आणि मराठीत पुटपुटले, "अगं बाई, जरा दमानं. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय तुझं. रिपोर्टमध्ये घालू की, फेरतपासणी व्हावी म्हणून."

"घाला ना, सर. लाट रिपोर्ट वाचूनच येणार आहे."

सर एक पाऊल मागे सरले. वीस वर्षं जपानात काढलेल्या माणसाला असं बोलणं ऐकायची सवय राहिलेली नसते.

साहेबांचा आवाज मात्र पहिल्यांदाच चढला. "माझी स्वतःची मुलगी या बालवाडीत येणार आहे. जाणूनबुजून चुकीचं लिहीन का मी?"

"जाणूनबुजून नाही लिहिलंत. पण मी सांगितल्यावरही ठेवलंत, तर ते जाणूनबुजूनच."

सुचेतानं मोजपट्टी उचलली. फलकाच्या बुडाशी, भुईवर उभी धरली आणि सत्तर सेंटिमीटरच्या खुणेवर बोट टेकवलं.

"पाणी इथपर्यंत येईल. धावतं, थंड, चिखलाचं. बोला आता, तुमची मुलगी किती उंच आहे?"