तबकडीवरची इर्मा

"बाबा, ऐकू येतंय ना?"

जत्रेतल्या काचेच्या खोलीतून इर्माने विचारलं होतं. आत नाणं टाकून गायलं की गाणं तबकडीवर कोरून मिळायचं. पोर टाचा उंचावून गायली, मध्येच खुदकन हसली आणि तबकडी छातीशी धरून बाहेर आली. त्याच हिवाळ्यात ती तापाने गेली.

तबकडी देवदाराच्या पेटीत राहिली. ती लावायचा धीर तिच्या बापाला, रेइनोला, कधी झालाच नाही. आता म्हातारपणी धीर झाला, तर कान चालले. जाड, खालच्या पट्टीतले आवाज आधीच गेले होते. "उरलेलंही जाईल," डॉक्टर म्हणाले होते, "शेवटी शेवटी वाळू सरकल्यासारखी नुसती खरखर ऐकू येईल. बर्फ वितळेपर्यंत टिकलं तर नशीब."

म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हॉल्व्हचा अँप्लिफायर उघडा पडला होता, रेइनोने स्वतः जोडलेला. ती तबकडी मऊ. सुई दर वेळी थोडा आवाज खरवडून नेणार. तेव्हा एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी कॅसेटवर उतरवायची. त्याला एकदा ऐकायला मिळावी, आणि त्याच्या पश्चात बायकोला, आयलीला, हवी तेव्हा. पण अँप्लिफायर भुणभुणत होता, आणि ती जाड भुणभुण ऐकायला रेइनोपाशी फक्त बायकोचे कान होते.

"अजून आहे?"

"आहे," आयली कणीक मळता मळता म्हणाली. "आणि माझ्या टेबलावरचं हे तुझं धूड कधी हलणार? चपटे पाव काय मांडीवर लाटू?"

"लाट की. मांडी ऐसपैस आहे."

"खाणीतून सुटलास, पण तोंड अजून खाणीतलंच!"

त्याने अर्थिंगच्या साऱ्या तारा एकाच स्क्रूवर आणल्या होत्या. तार दोन वाटांनी अर्थला मिळाली की त्या फेऱ्यात भुणभुण अडकते. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांना त्याने इर्माच्या वेणीसारखा पीळ घातला होता. ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवला होता. मीटरचा काटा तर शून्यावर झोपला होता.

"मीटर म्हणतो, काही नाही."

"मीटरला कान असतात का?"

"तेही खरंच. तुझ्या भावाने दिलेला मीटर. त्याच्यासारखाच थापाडा."

कणकेवर हात चालवत आयली जत्रेतलं ते गाणं गुणगुणू लागली.

"तांब्याचा चांदवा डोंगराखाली गं,
बाबाच्या दिव्याला..."

इथे ती थांबली, श्वासभर, आणि मग पुढे म्हणाली, "...सापडला."

"हसली होती ना ती तिथे?" रेइनो म्हणाला. "तुझ्या बरं इतकं लक्षात राहिलं! मला काचेतून नीट ऐकूही आलं नव्हतं." त्याने तबकडी उजेडात धरली. काळेपणावर राखेसारखी छटा चढली होती. "वय झालं हिचंही. बरं झालं, जुन्या प्लेअरवर नाही लावली. त्याची सुई पार बोथट झालीय. घरात तबकड्या त्या किती, आणि सुई एवढी झिजली कशी?"

"पोलका नाचाच्या तबकड्या ऐकायचे मी. तू खाणीत असायचास." आयलीने पीठ झटकलं. "कॉफी घेतोस?"

"आधी सांग. आता?" त्याने आणखी एक तार बदलून बटण दाबलं.

आयलीने स्पीकरला कान लावला. खिडकीबाहेर छपरावरचं बर्फ धपकन घसरलं.

"आहे," ती म्हणाली. "थोडी आहे."

उघड्या अँप्लिफायरमध्ये काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. हा नियम रेइनोने कधी मोडला नव्हता. आज मोडला. बटण बंद केलं, पण आत साठलेली वीज उतरू न देता दोन्ही हात आत घातले. निळी ठिणगी उडाली. स्क्रूड्रायव्हर भिंतीवर आदळला आणि रेइनो खुर्चीसकट मागे कोसळला.

"रेइनो!"

"जिवंत आहे गं." ओठ पांढरे पडले होते. "पुन्हा बघतो. होईल आज."

"पुरे!" आयली किंचाळली. "पुरे झालं आता! लाव ती तबकडी. भुणभुणू दे."

"अगं, पण तुझी कॅसेट..."

"लाव म्हणते ना!"

त्याने कॅसेट सुरू केली, नव्या प्लेअरवर तबकडी ठेवली, सुई टेकवली आणि स्पीकरला कान लावून डोळे मिटले. आयली एप्रनचं टोक पिळत उभी राहिली.

तबकडी फिरत राहिली. रेइनोचा चेहरा हळूहळू विझत गेला.

"वाळू," तो म्हणाला. "नुसती वाळू, आयली. गेला माझा कान. उशीर केला मी." गालांवरून आलेलं पाणी त्याने पुसलं नाही. "तू सांग ना. काय म्हणतेय ती आता? हसली का?"

तिने नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने तोंड उघडलंही. मग पिठाचे हात तसेच घेऊन ती त्याच्याजवळ खाली बसली.

"रेइनो, माझं बोलणं ऐकू येतंय ना तुला?"

"येतंय की."

"मग कान नाही गेला रे तुझा. भुणभुणही केव्हाच थांबली होती," आयली म्हणाली. "तू खाणीत गेलास की मी रोज दुपारी तिला लावायचे. ऐकून ऐकून मीच पुसून टाकली तिला."